म्होरकीच्या गळ्यातला फोन

आमच्या घरात शेळीला फोन आहे आणि मायला न्हाई. हे वाक्य माझं न्हाई, मायचं आहे. ती ते पाव्हण्यांसमोर म्हणते, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईसमोर म्हणते, परवा तर रेशनच्या रांगेत म्हणाली. खोटं न्हाई. पण आख्खी गोष्ट ऐकली की तुमी माझ्याच बाजूनं बोलाल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

सुरुवात माझ्या स्वतःच्या फोनपासून झाली. मी हिंगोलीला कॉलेजला जाते, कनेरगाव नाक्यावरून एसटी धरून. एक दिवस भर तासाला माझा फोन वाजला, आणि माझी रिंगटोन म्हणजे आमच्या कोकराचं ओरडणं होतं, मीच हौसेनं रेकॉर्ड केलेलं. आख्खा वर्ग हसला. सर म्हणाले, "कोकराला आधी बाहेर बांधून या." त्याच दिवशी परतीच्या एसटीत बसल्या बसल्या मी शोधून काढलं की फोनला कळतं. म्हणजे खरंच कळतं! तो उभा आहे का आडवा, पालथा आहे का उताणा, हलतोय का गप्प पडलाय, सगळं त्याला आतून समजतं. आणि एक फुकटचं ॲप घेतलं की त्यावरून त्याला कामाला लावता येतं. असं झालं की असं कर. बस्स, एवढंच! पालथा ठेवला की आवाज बंद. पिशवीत असला आणि हलत असला, म्हणजे मी चालतेय, तर आवाज मोठा. दोनदा झटकला की बॅटरी लागते, म्हणजे लाईट गेली की बटण शोधत बसायला नको.

हे जमल्यावर मला दुसरं काही सुचेना. दिसेल त्याला नियम लावावा वाटायला लागलं. माय चुलीपाशी बसून माझी बडबड ऐकत होती, ती म्हणाली, "भाकर करपली की बोंबलंल असं काही हाय का त्याच्यात?"

"न्हाई गं."

"मग काय कामाचं?"

मायला पटलं न्हाई, पण आबांना पटलं. आबा म्हणजे माझे वडील. आमची साठेक मेंढरं आहेत, त्यांच्यात आठ-दहा शेळ्या, आणि थोडं कोरडवाहू रान. आबा सकाळी कळप घेऊन गायरानात जातात ते दिवस मावळताना येतात. तर आबांना फोन आला की ते हमखास लाल बटण दाबायचे.

"आबा, फोन काहून कापला?"

"मी कुठं कापला? रेंज गेली."

रोज रेंज जायची. बराबर मी फोन केला की जायची. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एकात जास्त, हे आम्हाला माहीत होतं, पण आबा म्हणायचे, "जरा धुकं असते, बाकी सगळं दिसते." म्हटलं चला, लाल-हिरव्याचं भांडणच मिटवू. त्यांच्या फोनला नियम लावला: कानाला लावला की आपोआप उचलायचा, पालथा केला की आपोआप ठेवायचा. आबांनी अंगणाच्या या टोकाला उभं राहून मला त्या टोकावरून सहा वेळा फोन करायला लावला. सहाव्यांदा म्हणाले, "हॅलो, कोण बोलते?" मी समोर दिसत होते. म्हणजे, मला वाटत होतं की दिसतेय.

आता यात एक गंमत झाली, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. आबा फोन बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात, छातीशी. कोकरू उचलायला वाकले की फोन आडवा होऊन छातीला चिकटायचा, आणि फोनला वाटायचं की आपण कानाला लागलो! एका दुपारी मी सहज फोन केला, भाकरी खाल्ली का विचारायला. फोन उचलला गेला आणि पलीकडं आबा दुसऱ्याच कुणाशी बोलत होते.

"चल बाई. चल माझी शहाणी. दमली व्हय? बस जरा."

मी स्पीकर लावला. माय पीठ मळत होती, ती थांबली.

"कोण हाय गं तिथं?"

"म्होरकी," मी म्हणाले.

म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी आमची शेळी. एक शिंग मोडलेलं, गळ्यात घंटी. तिची आई लहानपणीच गेली, आबांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. मेंढरं कुणाचं ऐकत न्हाईत, फक्त तिच्यामागं जातात, आणि ती फक्त आबांचं ऐकते.

"वीस वर्सांत मला कधी शहाणी म्हणलं न्हाई या माणसानं," माय म्हणाली, आणि आमी दोघी तोंडावर हात ठेवून हसायला लागलो. तेवढ्यात आबा म्हणाले, "हळू चालत जा. तुझी घंटी वाजली की मी पाय टाकतो बग. तुला दिसते, मला न्हाई दिसत. घरी सांगू नको पण."

मायचं हसू गेलं. पिठाचा हात तसाच राहिला. मी फोन ठेवला.

संध्याकाळी मायनं सरळ विचारलं. आबांनी आधी रेंजवर घातलं, मग धुक्यावर. हिंगोलीच्या डॉक्टरांनी आधीच दोनदा ऑपरेशनची तारीख दिली होती आणि आबांनी दोनदा चुकवली होती. आता तिसरी होती, दिवाळीनंतरच्या गुरुवारची. डॉक्टर म्हणाले होते, आता आणखी थांबू नका.

"ऑपरेशनला मी भेत न्हाई," आबा म्हणाले. "पण मागून महिनाभर धूळ न्हाई, ऊन न्हाई, वाकायचं न्हाई. मग मेंढरं कोण पाहीन? हिनं कोकरं पाहावं का रान पाहावं?"

"मी पाहीन," मी म्हणाले. "मला सुट्टीच आहे."

"तुझं ऐकत न्हाईत ती. सगळीकडं हरभरा उगवलाय. एकदा शिरली ना कुणाच्या हरभऱ्यात, तर पुढच्या साली आपल्याला बांधावर उभं न्हाई करायचे."

हे खरं होतं. मेंढक्याची इज्जत म्हणजे दुसऱ्याचं रान न मोडणं. शेवटी मायनं तोडगा काढला: मंगळवार आणि बुधवार कळप मी एकटीनं न्यायचा, आबांनी बांधावर नुसतं बसायचं, बोलायचं न्हाई. जमलं तर गुरुवारी ऑपरेशन. न्हाई जमलं तर तारीख गेली. आबा हो म्हणाले, कारण त्यांना खात्री होती की जमणार न्हाई.

आणि इथं माझ्या डोक्यात ते आलं! माझा जुना फोन होता, काच फुटलेला, जो मी काच बदलून मायला देणार होते. (व्हय, तोच.) म्होरकी आबांचा आवाज ऐकते ना? मग आबांचा आवाजच तिच्या गळ्यात बांधू! ती पळायला लागली, म्हणजे फोन जोरजोरात हलला, की आपोआप आबांची थांबायची हाक वाजेल, हुर्रर्र हुर्रर्र. आणि पाण्यावर न्यायची वेळ झाली की मी जवळ जाऊन फोन दोनदा झटकणार, की पाण्याची हाक वाजेल, हीऽऽयो हीऽऽयो. झटकायची सवय मला बॅटरीपासून होतीच.

रेकॉर्डिंगच्या वेळी आबा अडून बसले. थांबायची हाक अंगणात दिली, पण पाण्याची देईनात.

"पाणी कुठं हाय इथं?"

"अहो आबा, नुसतं रेकॉर्ड करायचं आहे."

"पाण्याची हाक खोटी मारायची नसते. जनावर तहानेलं असते. त्यानं इश्वास ठेवून यायचं आन पाणी नसलं तर? माझ्या बापानं कधी मारली न्हाई, मी न्हाई मारली."

म्हणून मग आमी बंधाऱ्यावर गेलो, सगळा कळप घेऊन, आणि पाणी समोर असताना आबांनी हाक दिली, तेव्हा मी रेकॉर्ड केली. मी मनात म्हणत होते, किती ते कौतुक. मायनं जुन्या गोधडीच्या तुकड्याची पिशवी शिवली, फोन आत घातला आणि शिवता शिवता म्हणाली, "माझा फोन हाय तो. सांडू नको म्हणावं तिला."

मंगळवारी सकाळी मी निघाले. काय रुबाब माझा! खांद्यावर काठी, गळ्यात ओढणी, पुढं डिजिटल शेळी. आबा बांधावर घोंगडं टाकून बसले, तोंड बंद ठेवून. अर्धा तास सगळं झकास चाललं.

मग माशा आल्या.

शेळी माशा उडवायला काय करते? मान झटकते. फाडफाड कान हलवते. मेंढक्याची पोर मी, जन्मापासून बघत आले, आणि नियम लावताना मला हे सुचू नये? म्होरकीनं मान झटकली, आणि तिच्या गळ्यातून आबा ओरडले, हीऽऽयो, हीऽऽयो!

साठ मेंढरांनी एकदम माना वर केल्या. आत्ताच तर चरायला सुरुवात झाली होती, पण हाक म्हणजे हाक. कळप बंधाऱ्याच्या दिशेनं पळाला. म्होरकी पळाली म्हणून फोन हलला, म्हणून वाजलं, हुर्रर्र हुर्रर्र! सगळी थांबली. थांबल्यावर माशा बसल्या. मान झटकली. हीऽऽयो! पळाली. हुर्रर्र! थांबली. दहा पावलं, थांब. दहा पावलं, थांब. जशी नवीन गाडी शिकणाऱ्यानं एसटी चालवावी. मी मागून ओरडत पळतेय, माझं कुणी ऐकत न्हाई, दोन आबा मात्र जोरात भांडतायत, आणि बाजूलाच कोवळा हिरवागार हरभरा.

तिसरे आबा बांधावरून उठले. खरे. आवाजाच्या अंदाजानं ते सरळ म्होरकीपाशी आले, तिचा कान धरला, पिशवी काढून माझ्या हातात दिली. मला वाटलं रागावतील. ते हळूच म्हणाले, "माझ्या आवाजात खोटं बोलली ही पेटी."

"आबा, चुकलं."

"हाक गेली ना? आता खरी कर. ने पाण्यावर."

"आत्ता? आत्ताच तर..."

"आत्ताच."

गायरानापासून बंधारा मेंढरांच्या चालीनं चांगला पाऊण तासाचा. म्होरकीला दोरी लावून मी सगळा कळप तिथं नेला. कुणालाच तहान न्हाई. मेंढरं काठावर उभी राहून माझ्याकडं बघत होती, जशी पाव्हण्याकडं जेवून आल्यावर पुन्हा ताट वाढलं की माणसं बघतात. दोन-चारांनी आपली मान राखायला तोंड लावलं.

घरी मायनं विचारलं, "हरभऱ्यात गेली का?"

"न्हाई."

"कशी जातील? एक पाऊल पुढं आन एक थांबा. शिरायलाच उसंत न्हाई भेटली." तिनं मला हसवायचा प्रयत्न केला, पण आबा हसले न्हाईत.

बुधवारी त्याहून वाईट झालं. पिशवी घरीच ठेवली होती आणि फोन बंद करून माझ्या खिशात. दुपारी खरी पाण्याची वेळ झाली, मी हाक दिली, कुणी ढुंकून पाहिलं न्हाई. तेव्हा आबांनीच न राहवून बांधावरून हाक दिली. स्वतःच्या तोंडानं. म्होरकीनं मान वर केली, आबांकडं बघितलं, आणि परत चरायला लागली.

आबांना ते दिसलं न्हाई. पण घंटी पुढं सरकली न्हाई हे त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा हाक दिली. घंटी जागच्या जागी. मी आबांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू. आख्ख्या जन्मात ज्या माणसानं एक खोटी हाक मारली न्हाई, त्याला मी एका दिवसात खोटं पाडलं होतं.

"तारीख पुढं ढकला," आबा म्हणाले. "माझंच ऐकंना, तुझं काय ऐकन."

मी तिथंच बांधावर बसले. माझं डोकं असं आहे की ते गप्प बसत न्हाई, रडायला आलं तरी आत काही ना काही चालूच असतं. चूक कुठं झाली? फोन हलतो हे त्याला कळतं. आडवा-उभा कळतं. पण पाणी समोर आहे का न्हाई, हे त्याला कळत न्हाई. ते बघायला माणूस पाहिजे. बघायला मी आहे. हाक द्यायला आबा आहेत. मग रेकॉर्डिंग पाहिजेच कशाला?

"आबा! आवाज भरून ठेवायचाच न्हाई! तुमी घरी बसून फोन करायचा, म्होरकीला! ती मान खाली घालून चरत असली की फोन तिरपा, तेव्हा उचलायचा न्हाई. तिनं मान वर केली की फोन उभा, तेव्हा आपोआप उचलायचा, स्पीकरवर. आणि हाक द्यायच्या आधी तुमी मला विचारायचं, पाणी समोर आहे का. मी हो म्हणाले तरच."

आबा म्हणाले, "म्हणजे मी तिथं असल्यावाणीच."

"तसंच!"

"अन खोटं बोलायला त्याच्यात काही भरलेलं नसंल?"

"काही न्हाई. रिकामा."

जुने नियम मी तिथंच त्यांच्या समोर पुसून टाकले, त्यांना दिसत नसलं तरी एकेक वाचून दाखवत. मग माझ्या फोनमधलं दुसरं सिम त्यात घातलं आणि नवा नियम लावला. आबा काठी टेकत घरी गेले, मायनं पिशवी गायरानात आणून दिली. मी कळप काठीनं, दोरीनं, हातापाया पडून बंधाऱ्याच्या अलीकडं पन्नास पावलांवर आणून उभा केला आणि आबांना मिस कॉल दिला.

म्होरकीच्या गळ्यात फोन थरथरला. ती चरत होती. उचलला न्हाई. पुन्हा थरथरला. न्हाई. तिसऱ्यांदा ती चघळत मान वर करून इकडंतिकडं बघायला लागली, आणि टक्! फोन उचलला गेला.

"पाणी हाय का समोर?" शेळीच्या गळ्यातून आबांनी विचारलं.

"हाय आबा!" मी ओरडले.

"दिसते का तुला? बराबर?"

"बराबर दिसते!"

मग हाक आली. हीऽऽयो, हीऽऽयो. म्होरकीनं कान टवकारले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, माझ्याकडं तर असं बघितलं की त्यांना कुठं लपवलंस. पण जागची हलली न्हाई. आबा थांबले आणि मग हाकेच्या आवाजात न्हाई, त्या दुसऱ्या, दुपारच्या आवाजात म्हणाले, "चल माझी शहाणी. हाय पाणी. ती पाहून राहिली ना."

ती चालायला लागली. घंटी वाजली. मागून साठ मेंढरं. आणि पाणी होतं, खरंखुरं, दुपारचं चमकणारं, आणि सगळी एका रांगेत मान घालून प्याली. त्या आवाजावर मी फोन धरला, म्हणजे म्होरकीच धरली, आणि आबांना ऐकवलं. पलीकडून मायचा आवाज आला, "शहाणी व्हय! मी इथंच उभी हाय म्हणलं!"

गुरुवारी ऑपरेशन झालं. त्या दिवशी आबांना फोन करता येणार नव्हता, तर मी माझ्याच गळ्यानं हाक दिली, पाणी समोर दिसल्यावर, एकदाच. म्होरकीनं थोडा विचार केला. मग आली. का आली माहीत न्हाई. कदाचित खरंच तहान लागली असेल. पण मी तिथं एकटीच नाचले.

आबा घरी आले, मोठा काळा चष्मा, अंगणात बाज टाकून बसायचे, ऊन आलं की आत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कळप घेऊन आले तेव्हा म्होरकी सवयीनं थेट बाजेपाशी गेली. माय जागेवरूनच म्हणाली, "वाकू नका!" आबा वाकले न्हाईत. चष्म्याच्या आतून तिच्याकडं बघत राहिले.

"हिचं तोंड पांढरं कधी झालं?"

मी आणि मायनं एकमेकींकडं बघितलं. तिचं तोंड दोन वर्षांपासून पांढरं होतं.

"म्हातारी झाली गं तू," आबा तिला म्हणाले. "मी काळीच समजून चाललो." मग मायकडं बघितलं, जरा जास्त वेळ. माय पदर नीट करत म्हणाली, "माझ्याकडं काय पाहता? मी काळीच हाय अजून."

महिना संपत आलाय. आबांना आता हिरवं बटण हिरवं दिसतं, लाल लाल दिसतं, रेंज पण जात न्हाई. दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनी स्वतः मागून घेतली. मायला मी कळमनुरीच्या बाजारातून फोन आणायचं कबूल केलंय, नवा, शेळीचा वापरलेला न्हाई, अशी अट आहे. पण आबा अजून रोज दुपारी बाजेवर बसून म्होरकीला फोन लावतात. पाण्याचं काम आता माझ्या हाकेनंही होतं, त्यांना फोनची गरज न्हाई. तरी लावतात.

काल मी घरी होते, कळप मायनं नेला होता. आबांनी फोन लावला, कानाला धरून बसले. वाजत राहिला, वाजत राहिला, बंद झाला.

"उचलत न्हाई का?" मी विचारलं.

"चरून राहिली असंल," आबा म्हणाले, आणि फोन बाजेवर पालथा ठेवला. "तोंडात घास असताना कोण बोलते?"